पिंग जातं, उत्तर परत येत नाही: लेयर-थ्री स्विचवर राउटिंग लावताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर इथेच लक्षात येईल. कारखान्यात इतकी वर्षं १९२.१६८.१.०/२४ हे एकच नेटवर्क होतं (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट नेटवर्कचे; हा आकडा मोठा तितकं नेटवर्क छोटं). कॅमेरे आले, मोबाइल आले, सीएनसी मशीनचे कंट्रोलर नेटवर्कवर आले आणि त्यातले २५४ पत्ते भरले. म्हणून सिस्कोचा कॅटॅलिस्ट लेयर-थ्री स्विच घेतलात, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पोचवण्याचं काम, राउटिंग, स्वतःच करू शकणारा स्विच. त्यावर तीन व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क, केलेत: १० ऑफिसला, २० शॉप फ्लोअरला, ३० कॅमेऱ्यांना. त्यांचे गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याची दारं) अनुक्रमे १०.१०.१०.१, १०.१०.२०.१ आणि १०.१०.३०.१. फायरवॉल जुन्याच १९२.१६८.१.१ वर आहे. स्विचला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ म्हणून फायरवॉल दाखवला. स्विचवर बसून इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं, तर उत्तर येतं. पण व्हीलॅन २० मधल्या पीसीवरून १०.१०.२०.१ पर्यंतच जातं. पुढे ना इंटरनेट, ना ऑफिसचा प्रिंटर, ना टॅलीचा सर्व्हर. आणि स्विच विकणारा म्हणतोय, वेगळा राउटर घ्यावा लागेल.

राउटर घेऊ नका. तुमच्याकडे आहे तोच पुरेसा आहे. त्यातलं राउटिंग अजून चालू केलेलं नाही, एवढंच. मात्र ते चालू केल्याबरोबर सगळं सुरळीत होईल असंही समजू नका. पहिली अडचण सुटली की तिच्यामागे दडलेली दुसरी दिसेल, आणि बहुतेक लोक त्या दुसरीत दोन-दोन दिवस अडकतात. कमांड मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना नेहमीप्रमाणे रोमनमध्ये करा.

आधी पहिली. स्विचवर ‘शो आयपी रूट’ मारा. वर ‘डिफॉल्ट गेटवे इज १९२.१६८.१.१’ अशी ओळ आणि खाली आयसीएमपी रीडायरेक्टबद्दल काहीतरी, एवढंच दिसलं तर हा स्विच आत्ता राउटर नाहीच. तो नेटवर्कवरचा एक साधा पीसी आहे, ज्याला स्वतःपुरता गेटवे माहीत आहे. म्हणूनच तो स्वतः ८.८.८.८ पर्यंत पोचतो. दुसऱ्याचं पॅकेट त्याच्याकडे आलं तर ते पुढे ढकलणं हे आपलं काम आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही प्रत्येक व्हीलॅनला पत्ता दिलात म्हणजे फाट्यावर पाट्या लावल्यात. पण फाट्यावरून गाडी अजून सुटत नाही.

चालू करायच्या ओळी दोनच:

आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.१.१
आयपी राउटिंग

क्रम मुद्दाम असा लिहिला आहे. राउटिंग चालू झालं की ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ही ओळ कॉन्फिगमध्ये दिसत राहते, पण स्विच तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्या क्षणापासून फक्त राउटिंग टेबल खरं. डिफॉल्ट रूट (वरची पहिली ओळ: दुसरी वाट माहीत नसेल ते सगळं इकडे) टाकलेला नसेल आणि तुम्ही दुसऱ्या नेटवर्कमधून लॉगिन केलेलं असेल, तर एंटर दाबताच स्क्रीन गोठते. मी हे पुण्यात बसून कोल्हापूरकडच्या एका ग्राहकाच्या स्विचवर केलं आहे, रात्री ११ वाजता, टेलनेटवरून. सकाळी कन्सोल केबल घेऊन २३० किलोमीटर गाडी चालवली, एक ओळ टाइप केली आणि परत आलो. ग्राहकाने चहा दिला, पण त्याचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासूनची सवय: असा बदल करण्याआधी ‘रीलोड इन १०’ मारायचं. संपर्क तुटला तर १० मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट होतो आणि सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. यात एकच अट: मधल्या वेळात सवयीने ‘राइट मेमरी’ मारून कॉन्फिग सेव्ह करू नका. मारलंत तर रीबूट होऊन तो चुकलेलं कॉन्फिगच पुन्हा उचलेल.

‘आयपी राउटिंग’ ही कमांडच स्विचने ओळखली नाही, तर तुमचं मॉडेल जुनं २९६० असण्याची शक्यता आहे. त्यात १२.२(५५)एसई या आवृत्तीपासून स्टॅटिक राउटिंग येतं, पण आधी ‘एसडीएम प्रेफर लॅनबेस-राउटिंग’ देऊन स्विच रीबूट करावा लागतो. चिपमधली मेमरी ठरावीकच असते. मॅक पत्त्यांना (नेटवर्क कार्डांचे स्वतःचे पत्ते) किती द्यायची आणि रूटना किती, ही वाटणी त्या टेम्प्लेटने बदलते. त्या मॉडेलमध्ये स्टॅटिक रूट जास्तीत जास्त १६. तुमच्यासाठी तेवढे भरपूर आहेत.

आता पुन्हा ‘शो आयपी रूट’. ‘सी’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत तुमची तिन्ही नेटवर्क दिसायला हवीत, आणि ‘एस’ व तारा असलेल्या ओळीत डिफॉल्ट रूट. एखादं नेटवर्क यादीत नसेल तर त्या व्हीलॅनचा इंटरफेस डाउन आहे. हा इंटरफेस वर येण्यासाठी तीन गोष्टी लागतात: व्हीलॅन प्रत्यक्ष तयार केलेला असणं (नुसतं ‘इंटरफेस व्हीलॅन ३०’ लिहून व्हीलॅन जन्माला येत नाही), इंटरफेस ‘नो शटडाउन’ असणं, आणि त्या व्हीलॅनमधला निदान एक पोर्ट जिवंत असून स्पॅनिंग ट्रीने (स्विचमधल्या गोल फिरणाऱ्या वाटा रोखणारी यंत्रणा) तो खुला ठेवलेला असणं. टेबलावर बसून कॉन्फिग केलेला, एकही केबल न लावलेला स्विच ‘राउटिंग करत नाही’ म्हणून मला दोनदा फोन आले आहेत.

एवढं झालं की व्हीलॅन २० मधून व्हीलॅन १० मधल्या प्रिंटरला पिंग जाईल. प्रिंटर मुद्दाम म्हणतोय. दुसऱ्या विंडोज पीसीला पिंग करून राउटिंग तपासू नका. विंडोजच्या फायरवॉलमध्ये पिंगला उत्तर देण्याचा नियम घरगुती आणि सार्वजनिक प्रोफाइलमध्ये ‘फक्त माझ्याच सबनेटमधून आलं तर’ असा बांधलेला असतो. काल एकाच नेटवर्कमध्ये असताना उत्तर यायचं, आज व्हीलॅन वेगळे केल्यावर येत नाही, आणि माणूस बिचाऱ्या स्विचला दोष देत बसतो.

इंटरनेट मात्र अजून चालणार नाही. आणि आता खरा मुद्दा.

राउटिंगमध्ये ‘कनेक्शन’ असं काही नसतं. जाणं हा एक प्रवास आणि येणं हा दुसरा. दोन्हींचे निर्णय वेगवेगळी उपकरणं, एकमेकांना न विचारता, आपापल्या टेबलावरून घेतात. व्हीलॅन २० मधल्या १०.१०.२०.५० या पीसीचं पॅकेट स्विचकडे आलं, स्विचने डिफॉल्ट रूट बघून फायरवॉलला दिलं. इथवर ठीक. आता फायरवॉलला १०.१०.२०.५० ला उत्तर द्यायचं आहे. त्याच्या टेबलात काय आहे? १९२.१६८.१.० शेजारी आहे, आणि बाकी सगळं जग इंटरनेटच्या बाजूला. तो तुमच्या शॉप फ्लोअरचं पॅकेट सर्व्हिस प्रोव्हायडरकडे ढकलेल, आणि १०ने सुरू होणारे खाजगी पत्ते तिथे कुणी पुढे नेत नाही. काही फायरवॉल तर इतकीही वाट बघत नाहीत. फोर्टिगेट, उदाहरणार्थ, आत येतानाच विचारतो की या पत्त्याकडे परत जायला याच इंटरफेसवरून माझ्याकडे रूट आहे का. नसेल तर बनावट पत्ता समजून पॅकेट तिथेच टाकून देतो. त्याच्या डीबगमध्ये ‘रिव्हर्स पाथ चेक फेल’ दिसलं तर ते हेच.

मग स्विचवरून पिंग का चालतं? कारण स्विच पिंग पाठवताना ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतो त्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावतो, म्हणजे १९२.१६८.१.२. तो तर फायरवॉलचा सख्खा शेजारी. त्यामुळे ‘स्विचवरून ८.८.८.८ जातंय’ यातून व्हीलॅन २० बद्दल काहीच सिद्ध होत नाही. हे तपासायची खरी कमांड अशी:

पिंग ८.८.८.८ सोर्स व्हीलॅन २०

यात स्विच स्वतःला १०.१०.२०.१ म्हणवतो, म्हणजे तुमच्या पीसीच्या जागी उभा राहून विचारतो. साधं पिंग चाललं आणि हे अडलं, तर जाण्याची वाट ठीक आहे, येण्याची नाही. मला दिवसभरात एकच कमांड वापरायची मुभा दिली तर मी ही घेईन.

उपाय फायरवॉलवर आहे: १०.१०.०.०/१६ हा रूट १९२.१६८.१.२ कडे, म्हणजे स्विचकडे दाखवायचा. तिन्ही व्हीलॅन एकाच ओळीत आले, उद्या व्हीलॅन ४० झाला तरी फायरवॉलला हात लावायला नको. पत्त्यात तिसरा आकडा व्हीलॅनचाच ठेवलात हे फार चांगलं केलंत; सहा महिन्यांनी नुसता पत्ता बघून जागा कळेल. शिवाय फायरवॉलच्या नॅटच्या (खाजगी पत्ते इंटरनेटवर चालणाऱ्या पत्त्यात बदलण्याच्या) आणि परवानगीच्या नियमांत नवी नेटवर्क घाला. तिथे अजून फक्त १९२.१६८.१.० लिहिलेलं असणार. रूट बरोबर असूनही नॅट विसरल्याने इंटरनेट न चालणं हे इतकं नेहमीचं आहे की त्यावर जास्त लिहीत नाही.

फायरवॉलच्या टेबलावर मात्र एकदा नजर टाका. राउटर रूट निवडताना सर्वांत आधी बघतो की पत्त्याशी सर्वांत लांबपर्यंत जुळणारा रूट कोणता. /१६ आणि /२४ दोन्ही जुळत असतील तर /२४ जिंकतो, मग तो कुणी आणि कधी टाकला हे गौण. फायरवॉलवर कधीकाळी मुख्य कार्यालयाच्या व्हीपीएनसाठी (इंटरनेटमधून काढलेला खाजगी बोगदा) कुणी १०.१०.२०.०/२४ असा रूट टाकून ठेवला असेल, तर तुमचा /१६ अगदी बरोबर असूनही शॉप फ्लोअरचं उत्तर बोगद्यातून मुख्य कार्यालयाला जाईल. बाकीचे दोन व्हीलॅन चालतील आणि हा एकच नाही. या नियमाची ताकद जगाने २४ फेब्रुवारी २००८ ला पाहिली. यूट्यूब आपलं नेटवर्क २०८.६५.१५२.०/२२ असं जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला त्यातला २०८.६५.१५३.०/२४ हा तुकडा आपल्याकडे वळवला, आणि तो रूट देशाबाहेर निसटला. /२४ जास्त नेमका, म्हणून जगभरातले राउटर तिकडे वळले. यूट्यूब सुमारे दोन तास बहुतेक जगाला दिसेनासं झालं. परत मिळवायला यूट्यूबनेही तेच हत्यार वापरलं: आधी तोच /२४, मग त्याहून नेमके दोन /२५.

‘स्टॅटिकचं अंतर १, ओएसपीएफचं ११०, रिपचं १२०’ हे जे पाठ करून घेतात (अंतर म्हणजे रूट कुठून कळला त्यावरून त्याचा भरवसा, आकडा लहान तितका जास्त; ओएसपीएफ आणि रिप या राउटरांनी एकमेकांना रूट कळवायच्या पद्धती), त्याचा नंबर यानंतर लागतो: लांबी सारखीच असलेले दोन रूट वेगवेगळ्या मार्गांनी कळले तरच. मुलाखतीत उलट सांगणारे पुष्कळ भेटतात.

आता तिसरी गाठ, आणि ही जास्त चिवट. इंटरनेट चालू झालं, प्रिंटर चालला, पण शॉप फ्लोअरवरून टॅलीचा सर्व्हर उघडत नाही. सर्व्हर अजून जुन्या नेटवर्कमध्ये आहे, समजा १९२.१६८.१.१० वर, आणि त्याचा गेटवे फायरवॉल. शॉप फ्लोअरच्या पीसीचं पॅकेट स्विचकडे येतं आणि स्विच ते थेट सर्व्हरला देतो, कारण जुनं नेटवर्क त्याच्या शेजारीच आहे. सर्व्हर उत्तर देतो ते मात्र आपल्या गेटवेला, म्हणजे फायरवॉलला. फायरवॉल बघतो: हे कुठल्यातरी संभाषणाचं उत्तर दिसतंय, पण संभाषण सुरू झालेलं मी पाहिलंच नाही. टाकून देतो. जाताना एका रस्त्याने, येताना दुसऱ्या, आणि दुसऱ्या रस्त्यावरचा पहारेकरी म्हणतो, तुला आत जाताना मी पाहिलं नाही. राउटिंग टेबल दोन्हीकडे निर्दोष असतं, म्हणून हा दोष टेबलात शोधून सापडत नाही.

यावर फायरवॉलमध्ये ‘असममित राउटिंग चालू द्या’ असा एक पर्याय असतो आणि बरेच जण तो टिचकवून मोकळे होतात. नका करू. फायरवॉलची तपासणीच त्याने लुळी पडते. बरोबर उपाय म्हणजे फायरवॉल आणि स्विच यांच्यामध्ये असं छोटं नेटवर्क ठेवायचं, ज्यात तिसरं कुणीच राहत नाही. त्यासाठी /३० पुरतं: चार पत्ते, त्यातले दोन वापरायचे. फायरवॉलला १०.२५५.०.१ आणि स्विचला १०.२५५.०.२.

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/२४
नो स्विचपोर्ट
आयपी अ‍ॅड्रेस १०.२५५.०.२ २५५.२५५.२५५.२५२

‘नो स्विचपोर्ट’ने तो पोर्ट राउटरच्या पोर्टसारखा होतो. जुन्या २९६० वर हे चालणार नाही. तिथे व्हीलॅन ९९ करा, त्यात तो एकच पोर्ट घाला आणि पत्ता व्हीलॅनच्या इंटरफेसला द्या. पोर्टचा क्रमांक अर्थातच तुमच्या स्विचप्रमाणे. डिफॉल्ट रूट आता १०.२५५.०.१ कडे. जुना १९२.१६८.१.१ कडे जाणारा आठवणीने ‘नो’ लावून काढा. राहिला तर स्विच दोन्हीकडे वाटून पॅकेट पाठवेल आणि ‘कधी चालतं, कधी नाही’चा खेळ सुरू होईल. फायरवॉलवरचे परतीचे रूट आता १०.२५५.०.२ कडे, आणि त्यांत १९२.१६८.१.०/२४ सुद्धा, कारण जुनं नेटवर्कही आता स्विचच्या पलीकडे गेलं.

आणि इथे एक युक्ती आहे. जुना गेटवेचा पत्ता, १९२.१६८.१.१, फायरवॉलवरून काढा आणि स्विचच्या व्हीलॅन १ ला द्या. मग सर्व्हर, जुने प्रिंटर, हजेरीचं मशीन, कुणाचाही गेटवे बदलत फिरायला नको. पासवर्ड कुणालाच माहीत नाही अशी उपकरणं प्रत्येक कारखान्यात असतात, त्यांच्यासाठी तर हा एकच मार्ग. एखादं हट्टी उपकरण जुना मॅक पत्ता धरून बसेल. त्याला बंद करून चालू करा. पण त्याआधी बघा की फायरवॉल १९२.१६८.१.१ वर अजून काय काय करत होता. डीएचसीपी (पीसींना आपोआप पत्ते देणं)? डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणं)? तसं असेल तर पत्ता हलवल्यावर त्या सेवा त्या जागी सापडणार नाहीत. डीएनएसचा नवा पत्ता पीसींना द्यावा लागेल, आणि डीएचसीपीचं पुढे सांगतो. हे काम चालू शिफ्टमध्ये करू नका. भोसरी-चाकणकडे असाल तर गुरुवारची सुट्टी याच्यासाठीच आहे असं समजा, फक्त त्या दिवशी लाइट राहणार आहे ना, हे आधी विचारून घ्या.

फायरवॉलवर /१६ टाकलात त्याची एक पुस्ती. १०.१०.७७.५ असा कुठेच नसलेला पत्ता कुणी मागितला तर काय होईल? स्विचकडे ७७ नाही, म्हणून डिफॉल्टने फायरवॉलकडे. फायरवॉल म्हणतो, १०.१०चं काही असेल तर स्विचकडे. स्विच परत फायरवॉलकडे. पॅकेटचं आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे विंडोजकडून आलं असेल तर १२८ उड्यांपर्यंत, हा टेनिसचा सामना चालतो. एखाद्या पीसीला व्हायरस लागून तो सगळे पत्ते धुंडाळायला लागला की ही लिंक गुदमरते. स्विचवर एक ओळ टाका:

आयपी रूट १०.१०.०.० २५५.२५५.०.० नल ०

म्हणजे १०.१०मधलं जे खरोखर आहे ते /२४ने जिंकेल, आणि जे नाही ते तिथेच कचऱ्यात. ट्रेसराउटमध्ये दोनच पत्ते आलटून पालटून दिसले की हा सामना चालू आहे हे ओळखा.

डीएचसीपी. पीसीची ‘मला पत्ता द्या’ ही हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही, म्हणून प्रत्येक व्हीलॅनच्या इंटरफेसवर ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ आणि पुढे डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता लागतो. स्विच ती हाक टिपतो, त्यावर आपला त्या व्हीलॅनमधला पत्ता लिहितो आणि सर्व्हरला धाडतो. सर्व्हर तो पत्ता बघून कुठल्या साठ्यातून द्यायचं ते ठरवतो. त्याचं उत्तरही त्याच पत्त्याला जातं. म्हणजे सर्व्हरलाही १०.१०.२०.१ कडे परतीची वाट हवी. पुन्हा तेच.

हाताने पत्ते दिलेल्या मशीनचे मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) तपासा, हे मात्र मनावर घ्या. विंडोजच्या खिडकीत १०ने सुरू होणारा पत्ता टाइप करून पुढच्या चौकटीत गेलात की तो आपणहून २५५.०.०.० भरतो. घाईत माणूस तसंच ओके करतो. आता त्या पीसीला वाटतं, १०ने सुरू होणारं सगळं जग माझ्याच खोलीत आहे. तो गेटवेकडे जातच नाही, सरळ खोलीत हाक मारतो: १०.१०.१०.२५ कोण आहे? गंमत अशी की सिस्कोच्या इंटरफेसवर प्रॉक्सी आर्प (दुसऱ्याच्या पत्त्यासाठी मारलेल्या हाकेला आपण उत्तर देणं) मुळातच चालू असतं, त्यामुळे स्विच दयाळूपणे उत्तर देतो, ‘मीच तो, दे इकडे.’ आणि सगळं चालतं. वर्षभराने सुरक्षेच्या तपासणीत कुणीतरी ‘प्रॉक्सी आर्प बंद करा’ म्हणून शेरा मारतो, तुम्ही बंद करता, आणि निवडक आठ-दहा पीसी मरतात. बाकी सगळे चालू. मी यात एक अख्खी रात्र घालवली आहे.

याच कारणाने स्टॅटिक रूट टाकताना पुढच्या उपकरणाचा पत्ता द्या, नुसतं इथरनेट इंटरफेसचं नाव देऊ नका. नाव दिलंत तर स्विच समजतो की ते सगळं नेटवर्क त्या केबलवरच बसलंय आणि प्रत्येक पत्त्यासाठी हाका मारत सुटतो. डिफॉल्ट रूट असा टाकला तर अख्ख्या इंटरनेटसाठी. पलीकडच्याने प्रॉक्सी आर्प दिलं तर आर्पचं टेबल फुगत जातं, नाही दिलं तर काहीच चालत नाही.

राउटिंग चालू केलंत म्हणजे कॅमेऱ्यांचा व्हीलॅन आता ऑफिसशी बोलू शकतो, हेही ध्यानात असू द्या. व्हीलॅन वेगळे केले की सुरक्षा आली असं पुष्कळांना वाटतं. राउटर मध्ये आला की त्या भिंतीला दार पडतं. व्हीलॅन ३० च्या इंटरफेसवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावा: कॅमेऱ्यांना फक्त रेकॉर्डरपर्यंत जाऊ द्या, बाकी सगळं बंद. दिशा ठरवताना स्विचच्या पोटात बसून विचार करा. कॅमेऱ्याकडून स्विचमध्ये येणारं म्हणजे ‘इन’. इंटरनेटकडून येणारं म्हणजे ‘इन’ असं धरून लावलेली लिस्ट बरोबर उलटी पडते.

तुमच्या दुसऱ्या शेडसाठी ओएसपीएफ लावावं का, हेही विचारलंत. आत्ता नाही. एक स्विच, एक फायरवॉल, बाहेर पडायला एकच दार. तिथे राउटरांनी एकमेकांना सांगण्यासारखं नवीन काही नसतं. दुसऱ्या शेडमध्ये दुसरा लेयर-थ्री स्विच आला आणि दोन शेडमध्ये दोन वेगळ्या वाटांनी फायबर टाकली, तर मग लावा. तेव्हा ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’ आधी द्या आणि फक्त स्विच ते स्विच लिंक उघडा, म्हणजे शॉप फ्लोअरवर कुणी लॅपटॉप लावून तुमच्या राउटिंगमध्ये सामील होणार नाही. दोन्ही स्विच एकमेकांशी ओळख करताना ‘एक्सस्टार्ट’ या टप्प्यावर अडकले तर दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सारखा आहे का, ते पहिलं बघा.

राहिला स्विच विकणाऱ्याचा राउटर. राउटर लावून व्हीलॅन जोडता येतात, पूर्वी तसंच करायचे: एक ट्रंक केबल (सगळे व्हीलॅन एकत्र वाहणारी) राउटरपर्यंत, आणि शॉप फ्लोअरवरून ऑफिसला जाणारं प्रत्येक पॅकेट त्या एकाच केबलवरून वर आणि त्याच केबलवरून खाली. तुमचा स्विच हेच काम चिपमध्ये करतो, पोर्टच्या पूर्ण वेगाने. बहुतेक लेयर-थ्री स्विच नॅट करत नाहीत, हे खरं. पण ते काम तुमचा फायरवॉल करतोच आहे. मग तो राउटर उभा कुठे राहणार?

सगळं चाललं की ‘राइट मेमरी’. नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेल्यावर स्विच आजच्या सकाळसारखाच उठेल. आणि तरीही अडलंच, तर ‘नेट चालत नाही’ एवढंच न लिहिता चार गोष्टी पाठवा: स्विचवरचं ‘शो आयपी रूट’, फायरवॉलचं राउटिंग टेबल, ‘पिंग ८.८.८.८ सोर्स व्हीलॅन २०’चं उत्तर, आणि शॉप फ्लोअरच्या पीसीवरून ‘ट्रेसर्ट -डी ८.८.८.८’. पहिली उडी १०.१०.२०.१ आणि पुढे नुसते तारे असतील, तर मला विचारायच्या आधी फायरवॉलवरचा परतीचा रूट आणि परवानगीचा नियम पुन्हा एकदा तपासा.